विश्लेषण : कर्जाचा तुरुंग ते ‘क्रमशः’चे साम्राज्य... चार्ल्स डिकन्स कसे घडले?

एकोणिसाव्या शतकातील सर्वाधिक लोकप्रिय इंग्रजी कादंबरीकारांमध्ये चार्ल्स डिकन्स यांचे नाव अगदी वरचे आहे. १४ पूर्ण कादंबऱ्या, एक अपुरी कादंबरी, शेकडो लेख, दोन साप्ताहिकांचे संपादन आणि जाहीर वाचनाचे कित्येक प्रयोग एवढे काम त्यांनी अवघ्या ५८ वर्षांच्या आयुष्यात केले. त्यांच्या कादंबऱ्यांत कर्जबाजारी बाप, राबणारी मुले आणि तुरुंगाच्या भिंती पुन्हा पुन्हा दिसतात. त्यामागे त्यांच्याच बालपणातील एक प्रसंग होता. मात्र तो त्यांनी आयुष्यभर लपवून ठेवला. मित्राने लिहिलेल्या चरित्रातून तो बाहेर आला, तेव्हा डिकन्स हयात नव्हते. हा प्रसंग काय होता आणि त्याने त्यांचे लेखन, उत्पन्न व अखेर प्रकृतीही कशी ठरवली, याचा हा आढावा.

बालपण कसे गेले?

चार्ल्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ येथे झाला. आठ भावंडांत तो दुसरा. वडील जॉन डिकन्स नौदलाच्या वेतन कार्यालयात कारकून होते. पगार बरा होता, पण खर्च त्याहून जास्त. माणूस बोलका, दिलदार आणि पैशांच्या बाबतीत पुरता बेफिकीर होता. वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब केंट परगण्यातील चॅटम या गोदीच्या गावी राहायला गेले. तिथली पाच वर्षे चार्ल्सच्या बालपणातील सर्वांत सुखाची ठरली. घरातली जुनी पुस्तके, शाळा, नदीकाठ आणि वडिलांबरोबर लांबवर भटकंती. अशाच भटकंतीत गॅड्स हिल येथील एक मोठे घर त्याला फार आवडले होते.

१८२२ मध्ये वडिलांची लंडनला बदली झाली आणि चित्र पालटले. कॅम्डेन टाऊनमधील छोट्या घरात कुटुंब दाटीवाटीने राहू लागले. शाळा सुटली. देणेकरी दारात येऊ लागले. घरातल्या वस्तू एकेक करून गहाण पडल्या, त्यात त्याची आवडती पुस्तकेही गेली. ती विकायला आणि गहाण टाकायला बहुधा चार्ल्सलाच पाठवले जाई.

कारखान्यातील दिवसांत काय घडले?

फेब्रुवारी १८२४ मध्ये, बारा वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असताना, चार्ल्सला थेम्स नदीकाठच्या ‘वॉरन्स ब्लॅकिंग’ या कारखान्यात कामाला लावण्यात आले. तिथे बुटांचे काळे पॉलिश तयार होत असे. पॉलिशच्या बरण्यांची तोंडे कागदाने बांधायची आणि त्यावर लेबल चिकटवायचे, हे त्याचे काम. दिवसाला दहा तास काम आणि आठवड्याला सहा-सात शिलिंग मजुरी. जुनाट, उंदरांनी भरलेली ती इमारत त्याच्या स्मरणातून कधीच गेली नाही.

तो कामाला लागल्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच वडिलांना अटक झाली. एका पाववाल्याचे सुमारे ४० पौंड थकले होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकता येत असे आणि देणे फिटेपर्यंत किंवा तडजोड होईपर्यंत तो सुटत नसे. जॉन डिकन्स यांची रवानगी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात झाली. थोड्याच दिवसांत आई आणि धाकटी भावंडेही तुरुंगातल्या खोलीत राहायला गेली, कारण बाहेर घर चालवणे परवडत नव्हते. चार्ल्स मात्र बाहेर एका बाईकडे भाड्याने राहिला. आठवड्याची मजुरी पुरवून पुरवून खायची आणि रविवारी कुटुंबाला भेटायला तुरुंगात जायचे, असा त्याचा क्रम झाला. याच काळात मोठी बहीण फॅनी रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकत होती. तिला बक्षीस मिळाले, त्या समारंभाला चार्ल्स हजर होता आणि आपण मात्र शिक्षणाबाहेर फेकले गेलो, ही सल त्याच्या मनात खोल रुतली.

मे १८२४ मध्ये वडील दिवाळखोरीच्या कायद्याचा आधार घेऊन सुटले. आजीच्या मृत्यूनंतर थोडा वारसाही मिळाला. तरीही चार्ल्सची लगेच सुटका झाली नाही. कारखाना नव्या जागेत गेला, तिथे मुलांना रस्त्याकडेच्या खिडकीशी बसवून काम करून घेत आणि येणारे-जाणारे ते पाहत उभे राहत. पुढे कारखाना चालवणाऱ्या नातेवाइकाशी वडिलांचे भांडण झाले आणि मुलाला काढून घेतले गेले. आईने मात्र भांडण मिटवून त्याला पुन्हा कामावर पाठवण्याचा प्रयत्न केला. वडिलांनी ते मानले नाही आणि चार्ल्स शाळेत गेला. ज्यांच्या कर्जामुळे हे ओढवले त्या वडिलांना त्याने माफ केले. आईचा तो प्रयत्न मात्र तो कधीच विसरला नाही.

हा सगळा काळ जेमतेम वर्षभराचा. पण त्यातून दोन गोष्टी कायमच्या उरल्या. पहिली, गरिबी माणसाला कुठल्याही क्षणी गाठू शकते ही भीती. दुसरी, गरिबांचे जगणे आतून पाहिल्याची नजर.

कारकून ते वार्ताहर हा प्रवास कसा झाला?

शाळा पुन्हा सुटली तेव्हा चार्ल्स १५ वर्षांचा होता. १८२७ मध्ये तो लंडनमधील एका वकिलाच्या कार्यालयात कारकून झाला. न्यायालयांची भाषा, वर्षानुवर्षे रेंगाळणारे खटले आणि त्यावर पोसलेली माणसे यांचे दर्शन त्याला इथे झाले. त्या कामात भवितव्य नाही हे ओळखून त्याने शॉर्टहँड शिकून घेतले. ही विद्या अवघड समजली जाई, त्याने ती चिकाटीने आत्मसात केली. आधी न्यायालयाच्या आणि मग ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचे वृत्तांत तो लिहू लागला. १८३४ मध्ये ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या दैनिकात त्याला नोकरी मिळाली. घोडागाडीतून रात्रभर प्रवास करत, मांडीवर कागद ठेवून बातमी लिहायची आणि प्रतिस्पर्ध्याच्या आधी ती छापखान्यात पोहोचवायची, ही सवय पुढे आयुष्यभर उपयोगी पडली.

दरम्यान, डिसेंबर १८३३ मध्ये त्यांची पहिली कथा एका मासिकात छापून आली. मानधन मिळाले नाही. त्यानंतर ‘बॉझ’ या टोपणनावाने त्यांनी लंडनच्या रस्त्यांची, दुकानांची, माणसांची शब्दचित्रे लिहिली. १८३६ च्या फेब्रुवारीत ती पुस्तकरूपाने आली. एप्रिलमध्ये कॅथरिन होगार्थ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मधील एका सहकाऱ्याच्या कन्या होत्या.

‘पिकविक पेपर्स’ने नेमके काय बदलले?

लग्नाच्या तोंडावरच ‘चॅपमन अँड हॉल’ या प्रकाशकांनी २४ वर्षांच्या डिकन्स यांना एक काम दिले. रॉबर्ट सीमूर हे त्या वेळी नावाजलेले चित्रकार होते. त्यांच्या विनोदी चित्रांना जोडून दरमहा मजकूर लिहायचा होता. चित्रकार मुख्य आणि लेखक दुय्यम, असे मूळ स्वरूप. डिकन्स यांनी सुरुवातीलाच ते उलटवले. आपण कथा लिहू आणि चित्रे त्यानुसार काढली जातील, असा आग्रह त्यांनी धरला. दुसऱ्या भागाची तयारी सुरू असतानाच सीमूर यांनी आत्महत्या केली. उपक्रम बंद पडण्याच्या बेतात होता. अखेर हॅब्लॉट नाइट ब्राऊन हा तरुण चित्रकार ‘फिझ’ या नावाने रुजू झाला आणि पुढे वीसेक वर्षे डिकन्स यांच्या कादंबऱ्यांची चित्रे प्रामुख्याने त्याचीच राहिली.

पहिल्या भागाच्या सुमारे हजार प्रती छापल्या होत्या आणि प्रतिसाद थंड होता. चौथ्या भागात सॅम वेलर हा हजरजबाबी, लंडनच्या बोलीत बोलणारा नोकर कथेत आला आणि खप चढू लागला. १८३७ च्या अखेरीस शेवटचा भाग आला, तेव्हा प्रत्येक भागाच्या सुमारे ४० हजार प्रती खपत होत्या.

यामागचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी नवी कादंबरी साधारणपणे तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. कारखान्यात राबणाऱ्या चार्ल्सची ती महिनाभराची कमाई झाली असती. ‘पिकविक’चा एक भाग मिळत होता एका शिलिंगला. त्यात ३२ पाने मजकूर, दोन चित्रे आणि पुढे-मागे जाहिराती. एकोणीस अंकांत वीस भाग आणि शेवटचा अंक जोडअंक. म्हणजे वाचकाला संपूर्ण कादंबरी २० शिलिंगमध्ये पडे, तीही हप्त्याने. ज्यांना शिलिंगही जड होता, ते वर्गणी काढून अंक घेत आणि एक जण वाचे, बाकीचे ऐकत. प्रकाशकाचे भांडवल दर महिन्याला मोकळे होई, जाहिरातींचे उत्पन्न वेगळे आणि लेखकाच्या हाती दरमहा पैसा. महिन्याची मिळकत महिन्याला हाती येणे, हे कर्जाची धास्ती घेतलेल्या या लेखकासाठी फार मोलाचे होते.

हप्त्यांमुळे लेखनाची पद्धत कशी बदलली?

‘क्रमशः’ हा शब्द मराठी वाचकांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरीही पुढे १८९० च्या दशकात ‘करमणूक’मधून अशीच क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्ये या प्रकाराला खरे बळ मिळाले ते डिकन्स यांच्यामुळे.

भाग छापला जाई तेव्हा पुढचा भाग बहुतेक वेळा लिहून झालेला नसे. त्यामुळे मागे जाऊन दुरुस्ती करण्याची सोय नव्हती. महिनाभराने अंक हाती घेणाऱ्या वाचकाला पात्र चटकन आठवावे, म्हणून डिकन्स प्रत्येकाला एखादी लकब, ठरावीक बोलणे किंवा विशिष्ट पोशाख देत. भाग अशा ठिकाणी थांबवत की पुढच्या अंकाची ओढ लागावी. खप घसरला की कथेला वळण मिळे. ‘मार्टिन चझलविट’ला प्रतिसाद कमी पडू लागला, तेव्हा त्यांनी नायकाला थेट अमेरिकेला पाठवले. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील एका बुटक्या स्त्रीपात्रात आपलेच व्यंग दाखवले आहे, अशी तक्रार त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एका महिलेने केली, तेव्हा पुढच्या भागात त्यांनी ते पात्र भल्या मनाचे दाखवले. 

पुढे पुढे त्यांची पद्धत शिस्तबद्ध झाली. प्रत्येक भागासाठी एक कागद घ्यायचा, त्याच्या डाव्या बाजूला कल्पना आणि स्वतःलाच विचारलेले प्रश्न, उजव्या बाजूला प्रकरणांची आखणी. असे आराखडे आजही जतन केलेले आहेत. मुदत ते सहसा चुकवत नसत. अपवाद १८३७ च्या मे महिन्याचा. पत्नीची १७ वर्षांची बहीण मेरी हिचा अचानक मृत्यू झाला. ती डिकन्स दाम्पत्याकडेच राहत होती. त्या धक्क्याने त्या महिन्याचे लेखन झाले नाही आणि ‘पिकविक’ व ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या दोन्हींचे भाग चुकले.

होय, दोन्हींचे. कारण ‘पिकविक’ संपली नव्हती तोच त्यांनी दुसरी कादंबरी दुसऱ्या मासिकात सुरू केली होती. ती संपण्याआधी तिसरी, ‘निकोलस निकलबी’, सुरू झाली. हाती काम जास्त असणे त्यांना धोक्याचे वाटत नसे. काम नसणे धोक्याचे वाटे.

सामाजिक प्रश्नांवर त्यांच्या लेखनाचा भर का होता?

१८३४ मध्ये इंग्लंडमध्ये गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. गरिबांना घरबसल्या मिळणारी मदत शक्य तितकी कमी करून त्यांना ‘वर्कहाऊस’मध्ये पाठवायचे आणि तिथली परिस्थिती मुद्दाम कठोर ठेवायची, हे त्यामागचे धोरण होते. तिथे नवरा, बायको आणि मुले यांना वेगवेगळे ठेवले जाई. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ची सुरुवात अशाच ठिकाणी होते. ‘निकोलस निकलबी’ लिहिण्यापूर्वी डिकन्स चित्रकार ब्राऊन यांच्यासह यॉर्कशायरला जाऊन आले. नकोशी झालेली मुले दूर ठेवून देण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या स्वस्त निवासी शाळा त्यांना पाहायच्या होत्या. ‘ब्लीक हाऊस’मध्ये वारशाचा एक खटला इतका लांबतो की सगळी मालमत्ता न्यायालयाच्या खर्चातच संपते. ‘हार्ड टाइम्स’मध्ये कारखान्यांचे शहर येते, तर ‘लिटल डॉरिट’मध्ये थेट मार्शलसी तुरुंग.

प्रश्न केवळ कागदावर राहिले नाहीत. अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य दानशूर महिलेच्या मदतीने डिकन्स यांनी १८४७ मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुश भागात ‘युरेनिया कॉटेज’ हे निवासस्थान सुरू केले. रस्त्यावर आलेल्या, तुरुंगात गेलेल्या तरुणींना तिथे शिक्षण देऊन परदेशात नव्याने आयुष्य सुरू करण्यास मदत केली जाई. मुलींची निवड, घरातील नियम, हिशेब या सगळ्यात डिकन्स अनेक वर्षे लक्ष घालत होते.

अर्थात त्यांच्या दृष्टीला मर्यादा होत्या. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील चोरांचा म्होरक्या फॅगिन याला त्यांनी पुन्हा पुन्हा ‘ज्यू’ म्हणूनच संबोधले. १८६३ मध्ये एका ज्यू महिलेने पत्र लिहून त्याबद्दल नाराजी कळवली. डिकन्स यांनी आधी बचाव केला, पण पुढच्या कादंबरीत एक सज्जन ज्यू पात्र आणले आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या १८६७ च्या आवृत्तीत तो उल्लेख अनेक ठिकाणी काढून टाकला. फॅगिन हे नाव त्यांनी घेतले होते कारखान्यातील एका सोबत्याचे. बॉब फॅगिन हा मुलगा त्यांच्याशी चांगुलपणाने वागला होता. त्याचे नाव खलपात्राला का दिले, हे कोडे अभ्यासकांना आजही पडते.

‘अ ख्रिसमस कॅरोल’ने पैसा मिळवून दिला का?

१८४३ च्या शरद ऋतूत डिकन्स अडचणीत होते. ‘मार्टिन चझलविट’चा खप कमी होता, पाचवे अपत्य होणार होते आणि वडील त्यांच्या नावावर परस्पर उधारी करत होते. दोनच वर्षांपूर्वी, अशा कर्जांना आपण जबाबदार नाही, अशी जाहीर सूचना डिकन्स यांना वृत्तपत्रांत द्यावी लागली होती. या परिस्थितीत सुमारे सहा आठवड्यांत त्यांनी ‘अ ख्रिसमस कॅरोल’ लिहून काढले. कंजूष स्क्रूज एका रात्रीत बदलतो, त्याची ही कथा. १९ डिसेंबरला पुस्तक आले आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या.

लेखकाच्या हाती मात्र फार थोडे आले. रंगीत चित्रे, सोनेरी छपाई यांवर डिकन्स यांनी स्वतःच हौसेने खर्च करवला होता आणि किंमत फक्त पाच शिलिंग ठेवली होती. हजार पौंडांची अपेक्षा होती, पहिल्या आवृत्तीतून मिळाले अडीचशेपेक्षाही कमी. त्यात एका प्रकाशकाने चोरटी आवृत्ती काढली. डिकन्स यांनी खटला भरला, जिंकला, पण प्रतिवादींनी दिवाळखोरी जाहीर केली आणि सुमारे ७०० पौंडांचा खर्च डिकन्स यांच्याच अंगावर पडला.

अमेरिकेत तर ब्रिटिश लेखकांना कायद्याचे संरक्षणच नव्हते. तिथे त्यांची पुस्तके लाखोंनी वाचली जात आणि त्यांना कायद्याने एक पैसाही मिळत नसे. १८४२ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी हा विषय जाहीरपणे मांडला, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी त्यांना पैशांचा लोभी ठरवले. परदेशी लेखकांच्या हक्काचा कायदा अमेरिकेत झाला तो १८९१ मध्ये, डिकन्स यांच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी.

या अनुभवांतून ते शिकले. १८४६ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉम्बी अँड सन’पासून त्यांची आर्थिक घडी बसली. १८५० मध्ये त्यांनी ‘हाऊसहोल्ड वर्ड्स’ हे दोन पेनी किमतीचे साप्ताहिक सुरू केले, १८५९ मध्ये ‘ऑल द इयर राऊंड’. आता ते लेखकही होते, संपादकही आणि मालकही. १८५६ मध्ये त्यांनी लहानपणी पाहिलेले गॅड्स हिलचे घर विकत घेतले.

कौटुंबिक आयुष्यात काय घडले?

घर, चूल आणि नाताळ यांचा लेखक अशी डिकन्स यांची प्रतिमा होती. त्यांचे स्वतःचे घर मात्र १८५८ मध्ये मोडले. कॅथरिन यांना २२ वर्षांच्या संसारात दहा मुले झाली होती. १८५७ मध्ये एका नाटकाच्या निमित्ताने ४५ वर्षांचे डिकन्स आणि १८ वर्षांची अभिनेत्री एलेन टर्नन यांची ओळख झाली. पुढच्याच वर्षी कॅथरिन यांना वर्षाला ६०० पौंड देऊन वेगळे करण्यात आले. थोरला मुलगा आईबरोबर गेला, बाकीची मुले वडिलांकडे राहिली. कॅथरिन यांची बहीण जॉर्जिना हिनेही डिकन्स यांच्या घरातच राहणे पसंत केले.

अफवा पसरू लागल्यावर डिकन्स यांनी स्वतःच्या साप्ताहिकात निवेदन छापले. शिवाय त्यांचे एक पत्र वृत्तपत्रांत फुटले. त्यात कॅथरिन यांच्या मानसिक स्थितीविषयी आणि आईपणाविषयी अवमानकारक सूर होता. उत्तर द्यायला कॅथरिन यांच्याकडे कोणतेही व्यासपीठ नव्हते. १८६० मध्ये डिकन्स यांनी गॅड्स हिलच्या आवारात अनेक वर्षांचा पत्रसंग्रह जाळून टाकला. एलेन यांच्याशी असलेले त्यांचे नाते सर्वसामान्य वाचकांसमोर आले ते १९३० च्या दशकात. कॅथरिन यांनी मात्र पतीची जुनी पत्रे जपून ठेवली. १८७९ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ती मुलीकडे सोपवली. डिकन्स यांनी कधीकाळी आपल्यावर प्रेम केले होते, हे जगाला कळावे म्हणून ती ब्रिटिश म्युझियमला द्यावीत, अशी त्यांची इच्छा होती.

भारताशी त्यांचा काय संबंध होता?

डिकन्स स्वतः भारतात कधी आले नाहीत, पण त्यांची दोन मुले आली. वॉल्टर १६ व्या वर्षी, १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत, लष्करी सेवेसाठी भारतात दाखल झाला. कानपूरमधील इंग्रज स्त्रिया-मुलांच्या हत्येच्या बातम्या लंडनला पोहोचल्या, तेव्हा डिकन्स यांनी बर्डेट-कूट्स यांना लिहिलेल्या खासगी पत्रात भारतीयांच्या सरसकट संहाराची भाषा केली. इंग्लंडमधील गरिबांसाठी तळमळणाऱ्या लेखकाची सहानुभूती साम्राज्याच्या सीमेवर थांबली होती. हे पत्र त्यांच्या मूल्यमापनात आज टाळता येत नाही.

वॉल्टरचा अंत करुण झाला. आजोबांप्रमाणेच तोही कर्जात बुडाला. मायदेशी परतण्याच्या तयारीत असताना ३१ डिसेंबर १८६३ रोजी कोलकात्यात वयाच्या २२ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. ही बातमी डिकन्स यांना मिळाली ती त्यांच्या ५२ व्या वाढदिवशी. पाठोपाठ त्याची देणीही आली. वॉल्टरच्या कबरीवरचा दगड आता कोलकात्याच्या साऊथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आहे. त्याचा भाऊ फ्रान्सिस बंगालच्या घोडदळ पोलिसांत नोकरीसाठी निघाला होता. तो पोहोचला तेव्हा भाऊ हयात नव्हता.

जाहीर वाचनाचे प्रयोग जीवघेणे कसे ठरले?

१८५८ पासून डिकन्स पैसे घेऊन आपल्या पुस्तकांतील उतारे रंगमंचावर सादर करू लागले. हे निव्वळ वाचन नव्हते. एकटा माणूस, समोर एक छोटे टेबल आणि आवाज व चेहरा बदलून उभी केलेली डझनभर पात्रे. सभागृहे भरून वाहत. डिसेंबर १८६७ ते एप्रिल १८६८ या काळात अमेरिकेत त्यांनी सुमारे ७५ प्रयोग केले आणि जवळपास १९ हजार पौंड कमावले. कादंबरीतून एवढी रक्कम मिळवायला वर्षे लागली असती.

प्रकृती मात्र ढासळत होती. ९ जून १८६५ रोजी केंटमधील स्टेपलहर्स्ट येथे त्यांच्या गाडीला अपघात झाला. दहा प्रवासी दगावले. डिकन्स यांच्याबरोबर एलेन आणि तिची आई होती. त्यांनी जखमींना पाणी पाजले, धीर दिला आणि मग लटकत्या डब्यात पुन्हा चढून ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’चे हस्तलिखित काढून आणले. त्यानंतर रेल्वेप्रवासाची त्यांना कायमची धास्ती बसली. तरीही दौरे थांबले नाहीत. पाय सुजत होता, डाव्या बाजूचे नीट दिसेनासे होत होते. अशा अवस्थेत १८६९ मध्ये त्यांनी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग कार्यक्रमात घातला. प्रयोगानंतर त्यांची नाडी धोकादायक वेगाने चाले. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी दौरा मध्येच थांबवला. मार्च १८७० मध्ये त्यांनी लंडनमध्ये निरोपाचा प्रयोग केला.

पैशांची गरज होती का? मोठे कुटुंब, वेगळी राहणारी पत्नी, एलेनचा खर्च, कर्जात अडकणारी मुले हे सगळे होते. पण मृत्यूनंतर त्यांची मालमत्ता सुमारे ९३ हजार पौंड भरली. दारिद्र्य त्यांच्यापासून कधीच फार दूर गेले होते. त्याची भीती गेली नव्हती.

८ जून १८७० रोजी दिवसभर ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’चे लेखन करून ते जेवायला बसले आणि त्यांना पक्षाघाताचा झटका आला. दुसऱ्या दिवशी, ९ जूनला, रेल्वे अपघाताला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, गॅड्स हिल येथे त्यांचे निधन झाले. बारापैकी सहा भाग लिहून झाले होते. या रहस्यकथेचा शेवट त्यामुळे कायमचा रहस्य राहिला. अंत्यविधी साधा व्हावा आणि आपले स्मारक उभारू नये, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. १४ जूनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये मोजक्या लोकांच्या उपस्थितीत दफन झाले. त्यानंतरचे काही दिवस हजारो सामान्य लोक तिथे फुले घेऊन येत राहिले.

गुपित बाहेर कसे आले?

१८४० च्या दशकात डिकन्स यांनी कारखान्यातील दिवसांविषयी काही पाने लिहून जवळचे मित्र जॉन फॉर्स्टर यांच्याकडे दिली होती. आत्मचरित्र लिहिण्याचा तो प्रयत्न पुढे सोडून दिला आणि त्या अनुभवाला ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये कादंबरीचे रूप दिले. दारूच्या बाटल्यांच्या गोदामात राबणारा छोटा डेव्हिड म्हणजे तेच होते. उधळ्या पण लोभस मिस्टर मिकॉबर म्हणजे जॉन डिकन्स. वाचकांनी ते काल्पनिक समजून वाचले. लेखकाच्या मुलांनाही खरी हकीकत ठाऊक नव्हती.

फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड डिकन्स यांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाच्या आत प्रसिद्ध झाला आणि त्यात ती पाने होती. त्यानंतर डिकन्स यांच्या कादंबऱ्या वेगळ्या नजरेने वाचल्या जाऊ लागल्या. ऑलिव्हर, डेव्हिड, लिटल डॉरिट, ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधील पिप या सगळ्या मुलांमागे एकच मुलगा दिसू लागला.

कर्जासाठी तुरुंगात टाकण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १८६९ च्या कायद्याने बहुतांशी संपली. मार्शलसी तुरुंग त्याआधीच, १८४२ मध्ये, बंद झाला होता. लंडनच्या साउथवर्क भागात त्याची एक उंच भिंत अजून उभी आहे. ‘लिटल डॉरिट’ वाचून येणारे वाचक ती शोधत तिथपर्यंत जातात. बारा वर्षांचा चार्ल्स दर रविवारी ज्या आवारात जात असे, त्याची उरलेली खूण एवढीच.